अकरा डिट्टो

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही आयुष्यभर निसर्गात काम केलंत. दिवाळी अंकासाठी बदलत्या ऋतूंवर काहीतरी हळुवार लिहा ना." हळुवार! मी म्हटलं, बाई, हळुवार लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना सांगा. मला ऋतू म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मग म्हणाल्या, "बरं, मग तसं लिहा." म्हणून लिहितेय. वाचून कुणाची दिवाळी आंबट झाली तर मला दोष देऊ नका.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण शेजारच्या बायका अजून समजतात की मी बागेत झाडं मोजत होते. कुठेही कारखाना, गोदाम, मोठा रस्ता व्हायचा असेल तर परवानगीच्या आधी तिथल्या हवा, पाणी, झाडं, पशुपक्षी यांचा अहवाल करावा लागतो. हा अहवाल करून देणाऱ्या कंपन्या असतात. बडोद्यातल्या अशाच एका कंपनीत मी पंचवीस वर्षं होते. प्राणिशास्त्राची पदवी, गळ्यात दुर्बीण, हातात कागद लावायची पाटी आणि स्कूटर. सयाजीगंजातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून निघायचं, जागेवर जायचं, दिसेल ते लिहायचं आणि परत यायचं. जे दिसतं तेच लिहायचं, ही माझी शेखी होती. त्या शेखीचंच पुढे काय झालं ते सांगायला बसलेय.

आता ह्या धंद्यातली गंमत ऐका. बहुतेक कामांना वर्षभर पाहणी लागतच नाही. एक हंगाम पुरतो. आणि तो हंगामसुद्धा पावसाळा सोडून! का, तर पावसात नमुने नीट येत नाहीत. म्हणजे ज्या प्रदेशात आठ महिने जमीन तापते आणि चार महिने सगळा खेळ चालतो, तिथे तो खेळ बघायचाच नाही. उन्हाळ्यात जायचं, "काही नाही" असं लिहायचं आणि घरी येऊन पन्हं प्यायचं. मुलीची हुशारी ठरवताना दहावीचा निकाल न बघता फक्त ती तापाने आजारी होती तो आठवडा बघावा, तसं.

आणि गिऱ्हाइकं! एक शेठ मला म्हणाले होते, "बेन, पक्षी जरा ओछा करोने. त्रेसष्ट शुं काम? वीस राखो." जणू लग्नाच्या जेवणातली पानं कमी करायची आहेत. दुसऱ्या एकाने मी जायच्या आदल्या दिवशी सगळं गवत कापून, जाळून ठेवलं आणि वर मला म्हणाला, "तुमच्यासाठी साफ करून ठेवलं, साप चावायला नको." आमच्याच ऑफिसात एकदा एका अहवालात देवदाराची झाडं निघाली होती. बडोद्याच्या पंचक्रोशीत देवदार! कुठल्यातरी पहाडी जागेच्या अहवालातून उचलून चिकटवलेली. मी आरडाओरडा केला तेव्हा निमकरसाहेब, म्हणजे आमचे मालक, हसून म्हणाले, "वसुधाताई, तुमचं लक्ष फार बारीक हं." ते कौतुक आहे असं मला तेव्हा वाटलं.

निमकरसाहेब आपलेच, मराठी. तीन पिढ्या बडोद्यात. घरी पूजाअर्चा, बाहेर गिऱ्हाइकाशी अस्खलित गुजराती. माणूस उद्धट नाही, आवाज कधी चढायचा नाही. वाईट माणसांशी भांडता येतं, अशा माणसांशी भांडायला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

तर ती जागा. बाजव्याच्या पलीकडे, कोयलीच्या रिफायनरीची ज्योत डाव्या हाताला ठेवून आत गेलं की एक सखल रान होतं. तिथे मालाची मोठी गोदामं बांधायची होती. त्या प्रकरणात आधीचा एका हंगामाचा अहवाल सरकारकडून परत आला होता, वर्षभराची पाहणी करा म्हणून. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एकच जागा बारा महिने बघायला मिळणार होती.

पहिली खेप मे महिन्यात. सकाळी अकराला पोचले तर समोर भेगाळलेली माती, कडेला गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, आणि उन्हात चमकणारे शंख-शिंपल्यांचे तुकडे. मध्ये एका उंचवट्यावर टिटवीची चार अंडी, उघड्यावर. माझ्या डोक्यावर ती ओरडत घिरट्या घालत होती. बाभळीखाली एक भरवाड बाई म्हशी घेऊन बसली होती. काळं लुगडं, हातावर कोपरापर्यंत गोंदण. मला विचारलं, "बेन, अटाणे शुं जोवा आव्यां? अटाणे तो ई सूती छे."

"आत्ता कोण झोपलंय?"

"आ तळावडी," ती हाताने सगळी भेगाळलेली जमीन दाखवून म्हणाली. तळावडी म्हणजे छोटं तळं. तिचं नाव रतनबेन. घर पलीकडच्या पाड्यात, बारा म्हशी, नवरा वारलेला. पाऊस संपला की म्हशी फेब्रुवारीपर्यंत ह्याच पाण्यात बसतात, आणि म्हशीला पाण्यात बसायला मिळालं नाही तर ती दूध देत नाही, हे तिने मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. टिटवीने ह्या वर्षी अंडी उंचवट्यावर घातलीत म्हणजे पाऊस भरपूर, हेही सांगितलं.

मी माझा तक्ता काढला. एका जागेला एक मोठा तक्ता, महिन्याला एक ओळ. डावीकडून रकाने: गाव, सर्व्हे नंबर, जमिनीचा प्रकार आणि स्थिती. मग तापमान वगैरे. आणि शेवटी रुंद रकाना, शेरा. जमिनीच्या प्रकारात मी लिहिलं: "पडीक, कोरडी." खोटं काय होतं त्यात? सरकारी नकाशातही तिथे तळं नव्हतं, पडीकच होतं. शेऱ्यात टिटवी, अंडी, शंख-शिंपले, सगळं लिहिलं. खाली सही.

जुलैत गेले तर जागा ओळखू येईना! स्कूटर लांब सोडावी लागली. जिथे मी मेमध्ये उभी होते तिथे गुडघ्याइतकं पाणी. पाण्यात देवधानाचं, म्हणजे रानटी भाताचं, गवत उगवलेलं. बेडूक इतके ओरडत होते की रतनबेन समोर असून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी पॅन्ट वर दुमडून पाण्यात शिरले, पाटी छातीशी धरली आणि लिहायला लागले. गाव: डिट्टो. सर्व्हे नंबर: डिट्टो. जमिनीचा प्रकार आणि स्थिती: डिट्टो.

हो. गुडघाभर पाण्यात उभं राहून.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती का? नाही हो. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. डावीकडचे तीन रकाने म्हणजे जागेचा पत्ता असंच आम्ही समजायचो. पहिल्या ओळीत भरायचे आणि मग खाली दोन तिरप्या रेघा ओढत जायचं. पावसात पेन चालत नाही, कागद भिजतो, हाताला जळू लागते, तेव्हा पत्ता परत परत कोण लिहील? खरं काम शेऱ्यात. मी तर शेऱ्यात जीव ओतत होते. माझ्या आधी हे काम करणारे मला असंच शिकवून गेले आणि मी माझ्या हाताखालच्या चौघींना असंच शिकवलं.

ऑगस्टमध्ये कमळपक्षी. पांढऱ्या पोयण्यांच्या, म्हणजे कुमुदांच्या, पानांवरून चालणारा तो लांब शेपटीचा पक्षी मी बडोद्याच्या इतक्या जवळ कधी बघितला नव्हता. त्यांच्यात मादी अंडी घालते आणि निघून जाते, दुसरा संसार थाटायला. पिल्लं बाप वाढवतो. हे मी रतनबेनला सांगितलं तर ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "आवता भवे हुं ई थाईश." पुढच्या जन्मी मी तीच होणार! मी शेऱ्यात लिहिलं, कमळपक्षी, नर, चार पिल्लं. डावीकडे डिट्टो.

नवरात्रात म्हशी फक्त नाकपुड्या वर ठेवून पाण्यात. नोव्हेंबरात लांबून आलेली बदकं, थापट्या, तलवार बदक, दोनशेच्या वर. सकाळी सातला धुकं असायचं आणि पलीकडे रिफायनरीची ज्योत, आणि मध्ये बदकांचा नुसता कलकलाट. मी माणूस तशी रडूबाई नाही, पण एका सकाळी उगीचच डोळे भरून आले. नवऱ्याला घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला, "नोकरीत पहिल्यांदाच खूश दिसतेयस." होतेच खूश. फेब्रुवारीत पाणी आकसून मध्ये डबकं राहिलं आणि त्यात अडकलेल्या माशांवर शेकाटे, चमचा पक्षी, बगळे तुटून पडलेले. बांधावर केसुडं, म्हणजे पळस, फुललेलं. मार्चमध्ये चिखल. एप्रिलमध्ये म्हशींच्या खुरांचे ठसे वाळून दगड झालेले. रतनबेन म्हणाली, "ल्यो, पाछी सूई गई." परत झोपली. मी शेवटची ओळ भरली. डिट्टो, डिट्टो, डिट्टो. शेरा. सही. एक पडीक आणि अकरा डिट्टो, सगळे माझ्या हाताचे.

दोन महिन्यांनी अहवाल छापून आला. मी जेवणाचा डबा उघडून बसले होते, एका हाताने पानं चाळत होते. "प्रकल्पस्थळाची बाराही महिने प्रत्यक्ष पाहणी केली असता जमीन पडीक व कोरडी आढळली." मी घास खाली ठेवला. पुढे शोधलं. कमळपक्षी? होता की. परिशिष्टात. "दहा किलोमीटरच्या परिसरात आढळणारे पक्षी" ह्या यादीत. बदकं तिथेच. माझी दोनशे बदकं ह्यांनी दहा किलोमीटरवर उधळून दिली होती!

तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. म्हटलं, "हे काय आहे? तिथे सात महिने तळं आहे. मी त्यात उभी राहिलेय!"

निमकरसाहेबांनी शांतपणे फाइल काढली. माझाच तक्ता. बोट जमिनीच्या रकान्यावर ठेवलं आणि वरून खाली आणलं. "वसुधाताई, पडीक, कोरडी. डिट्टो. डिट्टो. डिट्टो. हे तुमचंच अक्षर ने?"

"अहो, तो पत्ता असतो! शेरा वाचा ना!"

"शेरा कोण वाचतं, ताई? रकाना वाचतात. आणि शेऱ्यातलं आम्ही टाकलंय ने परिशिष्टात. एक शब्द गाळला नाही."

"मग दुरुस्तीचं पत्र देते. माझी चूक झाली म्हणून लिहून देते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "द्या ने. तुमचा हक्क आहे. पण मग विचारतील, ह्या बाईंचे डिट्टो खोटे असतात का? बावीस वर्षांत तुम्ही किती तक्ते भरलेत? त्या सगळ्यांवरच्या सह्या तुमच्याच. तुमच्या हाताखालच्या मुलींनी सह्या केल्या त्याही तुम्ही शिकवलेल्या तक्त्यांवर. सगळं उघडायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

काय मेला गोड आवाज होता! धमकी देतोय असं क्षणभरही वाटू दिलं नाही. मी बाहेर आले, डबा तसाच बंद केला. घरी जाऊन रात्री जुन्या वह्या काढल्या नाहीत, कारण त्यात काय निघेल ते मला ठाऊक होतं. किती तळावड्या मी पत्त्यात बुडवल्या असतील? एरवी दुसऱ्यांच्या देवदारावर ओरडणारी मी! त्या रागाने माझी मलाच चीड आली आणि चीड आली की मी भांडी घासते, ती रात्रभर घासली म्हणा. पत्र लिहिलं नाही. उद्या लिहू, परवा लिहू.

मग पुढच्या उन्हाळ्यात, तळावडी झोपलेली असताना, लोकसुनावणी आली. हीही आमच्या धंद्यातली एक पद्धत. प्रकल्पाच्या जागेजवळ मांडव घालून सरकारी अधिकारी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकतात. शाळेच्या पटांगणात मांडव होता, खुर्च्यांना पांढरे कपडे, पाण्याच्या बाटल्या, पाकिटातून खमण-ढोकळा. मी कंपनीच्या रांगेत, निमकरसाहेबांच्या शेजारी. अहवाल करणारे म्हणून आम्हाला बसावंच लागायचं.

गावातले चार पुरुष बोलले. नोकऱ्या किती देणार, रस्ता करणार का. मग मागून रतनबेन उठली. बरोबर पाड्यातल्या पाच-सहा बायका. तिने माइक हातात घेतला नाही, तिला गरजही नव्हती. माझ्याकडे बोट केलं.

"साहेब, आ बेन बार महिना अमारी तळावडीए आव्यां छे. गोठण लगी पाणीमां ऊभां रहीने लखतां'तां. एमने पूछो, पाणी हतुं के नहोतुं."

बारा महिने येऊन, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून लिहीत होती, हिला विचारा पाणी होतं की नव्हतं. बाईने साक्षीला मला उभं केलं! भर मांडवात, कंपनीच्या रांगेत बसलेल्या मला. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या नवऱ्यानेही कधी टाकला नसेल.

अधिकारी तरुण होते, भले वाटले. त्यांनी तक्ता मागवला, बघितला. "बेन, इथे तर पडीक, कोरडी लिहिलंय. बाराही महिने. सही तुमची?"

मी उभी राहिले. म्हटलं, "माझीच."

ते थांबले. खरंच थांबले, हे मला त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. म्हणाले, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

साहेब समोर बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. पाणी होतं. बास. तेवढंच. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. शेऱ्यात सगळं लिहिलेलं आहे."

आणि बसले. शेरा कोण वाचतं, हे मला कळलेलं असताना. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं. रतनबेनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बायकांबरोबर निघून गेली.

परवानगी मिळाली. डंपर आले, मातीचे ढीग आले, दिवाळीच्या आत तळावडी रस्त्याच्या पातळीला आली. त्या वर्षी नोव्हेंबरात बदकं आली असतील तर कुठे उतरली, मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी शाल दिली आणि भाषणात म्हणाले, "वसुधाताईंचा तक्ता म्हणजे दगडावरची रेघ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शाल मी कपाटात ठेवली नाही, इस्त्रीवाल्याला देऊन टाकली.

मला कुणी म्हणतं, ताई, तुम्ही एकट्या काय करणार होतात, परवानगी तशीही मिळालीच असती. मिळाली असती. पण माझ्या तोंडातून नाही ना? सगळी यंत्रणाच अशी आहे म्हणतात. यंत्रणा कसली डोंबलाची! यंत्रणेला हात नसतात. पावसाळा वगळा म्हणून कुणी एकाने लिहिलं, रकाना कुणी एकाने आखला, डिट्टो मी ओढले. साहेबांचा राग येतो, तो येतोच, मरेपर्यंत येईल. पण त्यांनी निदान नोकरी म्हणून केलं. मी तर पाण्यात उभी होते.

ह्या वर्षी श्रावणात धीर करून गेले. पाडा तिथेच आहे, पुढे गोदामांची निळी पत्र्याची भिंत. रतनबेन ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. गोठ्याकडे नजर गेली. तिथे मोटारसायकल उभी होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "केम छो?" जसं काही मी मागच्याच महिन्यात येऊन गेले होते. मला वाटलं होतं शिव्या देईल. मी शिव्या खायलाच गेले होते, खरं सांगते.

म्हशी विकल्या, म्हणाली. डोलाने, म्हणजे बादलीने, आंघोळ घालून म्हैस किती दिवस टिकेल? मुलगा गोदामात जातो, माल चढवायला. मी नुसती हं, हं करत होते. मग तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "बेन, ते दा'डे साचुं केम नो बोल्यां?"

त्या दिवशी खरं का नाही बोललात. बावीस वर्षांचे तक्ते, चार मुलींच्या सह्या, साहेब, सगळं तोंडाशी आलं. ती समोर बसली होती आणि त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"घाबरले, रतनबेन."

तिने मान हलवली. रागावली नाही, धीर दिला नाही. उठून आत गेली. चूल नव्हे, गॅस पेटल्याचा आवाज आला. कात्रीने काहीतरी कापल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती कपबशी घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवली आणि जरा ओशाळून म्हणाली, "थेलीनुं दूध छे, बेन. फावशे ने?"

पिशवीचं दूध चालेल ना, असं ती मला विचारत होती. ती, मला.

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले.